पाच वाजता कामावर घेतलेली माणसे

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याची पत ठरवण्याची सवय लागते आणि त्या सवयीचाच त्याला पगार मिळतो. सातबारा, आठ अ, इतर संस्थांचे थकबाकी नसल्याचे दाखले आणि 300 ते 900 यांच्या दरम्यान कुठेतरी बसलेला सिबिलचा आकडा एवढे समोर आले, की मिरज किंवा तासगाव तालुक्यातील एखाद्या बागायतदाराला किती कर्ज द्यावे, द्यावे की नाही, आणि दिले तर ते कोणत्या महिन्यात परत येईल, याचा अंदाज मला बराचसा बरोबर बांधता येतो. हे काम मला मनापासून आवडते. काही लोकांना ते कोरडे वाटते, पण कर्जाऊ दिलेला प्रत्येक रुपया कुणाची तरी ठेव असते आणि तो डोळे मिटून देणे हा काही दयाळूपणा नव्हे, असे माझे मत पूर्वीही होते आणि आजही आहे. अडचण एवढीच झाली, की दिवसभर इतरांसाठी वापरलेले हे माप मी संध्याकाळी घरी घेऊन येऊ लागले आणि हळूहळू ते स्वतःलाच लावू लागले. मी किती परीक्षा उत्तीर्ण झाले, कोणत्या श्रेणीत आहे, माझ्याबरोबर रुजू झालेली माणसे कुठे पोहोचली, या तीन-चार नोंदींवरून माझी किंमत निघते, अशी माझी खात्री होत गेली आणि ती इतक्या सावकाश झाली, की कधी झाली हे कळलेच नाही.

आमच्या घरात महत्त्वाकांक्षा हा विषय नेहमीच थोडा अवघड राहिला आहे. माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये परिचारिका होती. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेले ते रुग्णालय. कागदोपत्री त्याला त्यांचे नाव असले, तरी आमच्या भागातील जुनी माणसे त्याला अजून मिशनच म्हणतात, आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीचे नाव रोज घेणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावामागचा डॉक्टर आठवतो, कुणास ठाऊक. रात्रपाळी करायची, परपुरुषांची शुश्रूषा करायची, रक्त आणि पू यांना हात लावायचा, म्हणून अनेक घरांनी ज्या काळी आपल्या मुलींना या कामापासून दूर ठेवले, त्या काळी ख्रिस्ती कुटुंबांतील मुली ते शिकल्या. आमच्या घरात शिक्षण शिरले ते त्याच दाराने. आईने वॉर्डातील कामाबरोबर पुढच्या परीक्षा दिल्या, वॉर्डाची प्रमुख झाली, आणि तरीही आपल्याला पुढे जायचे होते हे ती कधी उघडपणे बोलली नाही. देवाने नेले, एवढेच म्हणायची. मला मात्र तिने दोन गोष्टी एकाच दमात शिकवल्या: वर्गात पहिली ये, आणि गर्व करू नकोस. या दोन आज्ञा एकत्र कशा पाळायच्या, हे तिने सांगितले नाही. मला वाटते, तिलाही ते पूर्ण उलगडलेले नव्हते.

आजीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी मूळचा होता. तिचा जन्म गावकुसाबाहेरचा. आपण माणूस म्हणून कुणाच्या तरी गणतीत आहोत, हे तिला प्रथम सांगितले ते एका बायबलवाल्या बाईने, असे ती शेवटपर्यंत सांगत असे. ज्यांची किंमत जन्माआधीच शून्य लिहून ठेवलेली असते, त्यांच्यासाठी देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले हे बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील वाक्य कसे ऐकू येत असेल, याची कल्पना मला पक्क्या घरात वाढल्यामुळे पुरती करता येत नाही. सरकारी कागदाने मात्र हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये त्यात शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आमच्यासारख्यांची नोंद इतर मागासवर्गात होते. गावातील जुन्या लोकांना आमची जात बिनचूक आठवते आणि अर्जावर ती आठवण मोजली जात नाही, हा विरोधाभास प्रत्येक भरतीच्या वेळी समोर येई. मी त्याची फारशी तक्रार केली नाही. मी त्याला उत्तर म्हणून अभ्यास केला. आज मागे पाहताना वाटते, की माझ्या महत्त्वाकांक्षेत जिद्द जेवढी होती, तेवढाच कुणालातरी काहीतरी सिद्ध करून दाखवण्याचा आवेश होता, आणि ज्याला दाखवायचे तो माणूस कोण, हे मात्र कधीच निश्चित नव्हते.

लिपिक म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या दोन परीक्षा बँकेतील माणसाला ओळखीच्या आहेत. बाहेरच्यांसाठी एवढेच सांगते, की दिवसभर काउंटर सांभाळून आल्यावर रात्री जोखीम व्यवस्थापनाची प्रकरणे वाचणे हा जागरणाचा एक विशेष शिक्षाप्रद प्रकार आहे. दोन्ही झाल्या. मग स्केल दोनची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या श्रेणीची, बढती आली, शाखा मिळाली, आणि त्याच्या पुढच्या बढतीच्या यादीत माझे नाव नव्हते.

हे काही मोठे संकट नव्हे. दरवर्षी शेकडो जणांची नावे अशा याद्यांत नसतात. तरीही त्यानंतरच्या काही महिन्यांत माझे जे झाले ते मला चकित करणारे होते. कामात चूक होत नव्हती, पण कामाची चव गेली होती. शाखेत येणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाच्या नजरेत मला माझे मूल्यमापन दिसे. उपासनेला जाणेही जड वाटू लागले, आणि त्याचे कारण सांगताना मला अजून संकोच होतो. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनेच्या शेवटी साक्षी देण्याची प्रथा आहे. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाचे घर बांधून झाले, कुणाचा व्हिसा आला, असे लोक उभे राहून सांगतात आणि देवाचे उपकार मानतात. मीही पूर्वी उभी राहिले होते, बढतीच्या वेळी. आता माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते आणि म्हणून उपकार मानण्यासारखेही काही नाही, असे मी गृहीत धरले होते.

या साक्षींबद्दल माझे मत हळूहळू बदलत गेले आहे आणि ते मी मंडळीतही बोलून दाखवले आहे. आपण मिळालेल्या गोष्टीची पावती फाडावी तसे देवाचे आभार मानतो: रक्कम मिळाली, सही केली. ज्याला काही मिळाले नाही त्याच्या हाती पावतीपुस्तकच नाही. नोकरी गेलेला माणूस त्या रविवारी उभा राहत नाही, आणि त्याला उभे राहता येत नाही हे आमच्या कुणाच्या लक्षातही येत नाही. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातील मंडळीला उपकारांनी आणि आनंदाने ओथंबलेले पत्र लिहिले ते तुरुंगातून, बेड्या घातलेल्या स्थितीत. खटल्याचा निकाल काय लागेल हे त्याला ठाऊक नव्हते, यादी अजून लागायची होती. मिळालेल्या यशाच्या मापाने कृतज्ञता मोजायची असती, तर ते पत्र लिहिले गेलेच नसते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तपासणीसाठी तासगावच्या बाजूला एका बागेत गेले होते. ज्यांनी द्राक्षबाग वर्षभर पाहिलेली नाही त्यांना खरड छाटणीचे दृश्य अंगावर येते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत घडांनी लगडलेली वेल एप्रिलमध्ये जवळजवळ ओलांड्यापर्यंत, म्हणजे मुख्य आडव्या फांदीपर्यंत, छाटून टाकतात; मांडवावर पाहावे तर उघडे लाकूड. या छाटणीतून त्या हंगामात एकही मणी मिळत नाही. तिच्यानंतर फुटलेल्या काडीत, बाहेरून काहीही दिसत नसताना, डोळ्याच्या, म्हणजे न उमललेल्या अंकुराच्या, आत सूक्ष्म घड तयार होतो, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी, म्हणजे फळछाटणी घेतली की तो बाहेर पडतो. बागायतदार अण्णा मला म्हणाले, “मॅडम, ऑक्टोबरला आम्ही फक्त दार उघडतो. माल आत बसलाय का नाही ते मे महिन्यातच ठरलेलं असतंय.” योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेल, माळी आणि फाटे यांविषयीचा पंधरावा अध्याय मी लहानपणापासून पाठ म्हणत आले आहे. फळ देणाऱ्या फाट्यालाच माळी छाटतो, हे त्यातील वाक्य मी आजवर दुःखितांच्या सांत्वनाला वापरलेले ऐकले होते. अण्णांच्या बागेत ते शेतीच्या वेळापत्रकासारखे वाटले, आणि मला सांत्वनापेक्षा वेळापत्रक नेहमीच अधिक भावते.

पण त्या दिवशी माझ्या मनात जे घर करून राहिले ते वेगळेच होते. बागेत मजुरांची टोळी होती. छाटणीचे काम एकरावर उक्ते घेतलेले पुरुष एका बाजूला आणि रोजंदारीवर काड्या गोळा करणाऱ्या बायका दुसऱ्या बाजूला. त्या बायकांत एक म्हातारी होती, जिचे काम इतरांच्या निम्मेही होत नव्हते. मी माझ्या सवयीने विचारले, की हिला पूर्ण हजेरी देणे कसे परवडते. अण्णा थोडे ओशाळले आणि म्हणाले, “परवडत नाही. पण ती येती.”

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, आहे. तो पहाटे बाजारात जाऊन एका दिनाराच्या बोलीवर मजूर आणतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज. पुन्हा नऊच्या सुमारास जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि शेवटी पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरला असताना जातो, तेव्हाही तिथे माणसे उभी असतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी कारभारी शेवटच्यांपासून वाटप सुरू करतो आणि प्रत्येकाला एकच दिनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात.

माझी सहानुभूती कायम त्या कुरकुर करणाऱ्यांकडे होती. रविवार शाळेत हा दाखला शिकवताना मी तो घाईने उरकत असे, कारण कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याला तो पटण्यासारखा नाही. एक तासाचे काम आणि बारा तासांचे काम यांना समान मोबदला दिला, तर उद्या पहाटे बाजारात कोण येईल? हा प्रश्न आजही मला चुकीचा वाटत नाही. पण त्या बागेतून परत येताना मला प्रथमच पाच वाजता उभ्या असलेल्या माणसांचा विचार सुचला. मिरजेच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी पाहावे: धडधाकट माणसे आधी उचलली जातात. पाच वाजेपर्यंत जी उरतात ती म्हातारी, आजारी, ज्यांच्या हातात बळ नाही अशी, किंवा ज्यांना कुणी ओळखत नाही अशी परमुलखातली. आळशी माणूस पाचपर्यंत थांबत नाही, तो दहालाच घरी जातो. ही माणसे थांबली कारण रिकाम्या हाताने घरी जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्या घरच्या चुलीला तासाच्या हिशेबाने पीठ लागणार नव्हते, पूर्ण दिवसाचेच लागणार होते. धन्याने दिलेला दिनार त्यांच्या कामाची किंमत म्हणून दिलेलाच नव्हता, आणि पहाटेच्या मजुरांचा घोटाळा तिथेच झाला: त्यांनी त्या नाण्यात स्वतःची किंमत वाचली आणि शेजाऱ्याच्या नाण्याशी ती ताडून पाहिली. त्यांचा दिनार त्यांना ठरल्याप्रमाणे मिळाला होता. शेजाऱ्याच्या हातात तेवढेच दिसेपर्यंत तो पुरेसाही होता.

त्या यादीत माझे नाव नसण्याचे जे दुःख होते, त्याचा बराच मोठा भाग हा दुसऱ्यांची नावे असण्याचा होता. पगार तोच होता, शाखा तीच होती, माझ्याकडे येणारे बागायतदार तेच होते.

त्याच शुभवर्तमानात अवघ्या पाच अध्यायांनी पुढे दुसरा दाखला आहे, आणि तो पहिल्याला स्वस्थ बसू देत नाही. परदेशी जाणारा धनी तीन चाकरांच्या हाती आपले धन सोपवून जातो. दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि त्याबद्दल त्याला अत्यंत कठोर शब्द ऐकावे लागतात. निदान सावकारांकडे ठेवले असतेस तर व्याज तरी आले असते, असे तो धनी त्याला सुनावतो. बँकेतील माणसाला शास्त्रात इतका थेट उल्लेख दुसरा मिळायचा नाही. हे दोन दाखले एकत्र वाचले की आईच्या दोन आज्ञा मला थोड्या समजू लागतात. पुरून ठेवणाऱ्या चाकराकडे नम्रता नव्हती, भीती होती. धनी कठोर आहे असे त्याने मनाशी धरले होते आणि म्हणून त्याने काहीच केले नाही. आमच्या समाजातील कितीतरी हुशार मुली, आणि बायका तर अधिकच, आपली बुद्धी अशी पुरून ठेवतात आणि वर तिला लीनता हे नाव देतात. त्यांना बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातील लुदिया कुणी नीट सांगत नाही. थुवतीरा नगराची ही बाई फिलिप्पैत महागड्या जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती, स्वतःच्या घरात पौलाला आणि त्याच्या सोबत्यांना ठेवून घेण्याइतकी तिची ऐपत होती, आणि तिने व्यापार सोडल्याचे कुठेही लिहिलेले नाही. पौल स्वतः करिंथात तंबू शिवून पोट भरत होता.

उलट दिशेचे उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते वारले. मला त्या निर्णयाबद्दल आदर आहे, आणि थोडी कुरबुरही आहे. पगार सोडण्याची प्रेरणा घरातील एकाला होते तेव्हा डब्यातील पीठ किती दिवस पुरेल हा हिशेब बहुधा दुसऱ्याच माणसाकडे असतो, आणि तो हिशेब ठेवणे हीसुद्धा सेवा आहे असे प्रवचनात फारसे ऐकू येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, देवाने मला नोकरी सोडायला सांगितलेले नाही. मी तसे विचारलेही नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी ओसरल्यावर कर्जाच्या पुनर्गठनाचे अर्ज सुरू झाले आणि ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पावसाने द्राक्षबागांना झोडपल्यावर त्यांत बागायतदारांची भर पडली. नियम साधा आहे: नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर पीक कर्जाच्या परतफेडीची मुदत वाढवता येते. पण नियम आणि माणूस यांच्या मध्ये पंचनामा असतो, त्यावरची तारीख असते, भिजून लगदा झालेला सातबारा असतो. ते महिने मी फायली वाचण्यात घालवले. कुणाचा अर्ज एका कागदावाचून परत जात असेल तर तो कागद तलाठी कार्यालयातून कसा मिळेल, हे शोधण्यात घालवले. यात शौर्य काही नव्हते आणि याची नोंद माझ्या वार्षिक मूल्यमापनात एका ओळीने झाली. पण जोखीम व्यवस्थापनाची ती रात्री वाचलेली प्रकरणे, परिपत्रकांची ती चिकट भाषा, सगळे एका माणसाच्या बाजूने वापरता येते, हे मला त्या महिन्यांत दिसले. अर्जदार समोर बसलेला असताना मी कोणत्या श्रेणीत आहे याचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि तो आला नाही हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले.

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला लोक आपापल्या घरचा माल घेऊन येतात: शाळूची कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी, हळद, द्राक्षाची पेटी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तासगावच्या बाजारातील बेदाण्याचे सौदे मी पाहिलेले आहेत, तिथे किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी जीव टांगणीला लागतो. इथे मात्र एका पाटीवरच्या लिंबासाठी पाचशेची बोली लागते आणि लोक हसत हसत ती वाढवतात. ते लिंबू ज्या म्हातारीने आणलेले असते तिच्या अंगणात तेवढे एकच झाड असते, हे सर्वांना ठाऊक असते. कर्ज देताना मी त्या लिंबाची किंमत पाच रुपयेच धरीन, आणि तेच बरोबर आहे. लिलावात मात्र मीही बोली लावते. या दोन्ही गोष्टी मी एकाच आठवड्यात करते आणि त्यांत मला आता विसंगती वाटत नाही.

रविवारी दुपारी मंडळीच्या सभागृहात चार-पाच मुली बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायला येतात. त्यांतील एकीने मला विचारले, की गुणांसाठी प्रार्थना करावी का. मी तिला म्हटले, करावी, आणि रोज टक्केवारीची पन्नास गणितेही सोडवावीत. तिला हे उत्तर फार आध्यात्मिक वाटले नसावे. दुसरीला हवे होते ते वेगळेच: लागलेच नाही तर काय, असे तिने विचारले. मी तिला पाच वाजताची गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, “पण ताई, त्यांना शेवटी कामावर घेतलंच की. ज्यांना सहा वाजेपर्यंत कुणीच घेतलं नाही, त्यांचं काय?” दाखल्यात त्यांचा उल्लेख नाही. मी तिला तसेच सांगितले, आणि पुढच्या रविवारी पाळकांना विचारू म्हणाले.

यंदाच्या बढतीसाठी मी पुन्हा अर्ज भरला आहे. नाव लागले तर जिल्हा सोडावा लागेल, कदाचित राज्यही, आणि आईला ते मान्य नाही. तिचे म्हणणे, देवाने इथे ठेवले आहे तर इथे का राहू नये. माझे म्हणणे, तो तिथेही असेलच. यावर आमचे गेले काही आठवडे जेवताना वाद चालू आहेत, आणि प्रार्थनेत ती मोठ्याने माझ्यासाठी जे मागते ते मी मागितलेल्याच्या नेमके उलट असते.